महासाथ आणि अपघात विभागातील रिकामी बाके

(ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



अपघात विभागात आयुष्य घालविलेल्या माणसाला गर्दीची इतकी सवय झालेली असते की, गर्दी नसली म्हणजे त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि आमच्या विभागातील बाके ओस पडली. पहिले दोन दिवस, खोटे कशाला सांगू, बरेच वाटले. रस्त्यावर वाहने नव्हती, तेव्हा अपघात घटणे स्वाभाविकच होते. परंतु छातीत कळ येऊन येणारे रुग्ण कोठे गेले, पक्षाघाताचे कोठे गेले, याचा उलगडा होईना. टाळेबंदीमुळे माणसाच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्या काही मोकळ्या होत नाहीत!

हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हता. अमेरिकेत 29 मार्च ते 25 एप्रिल 2020 या चार आठवड्यांत आकस्मिक उपचार विभागांत येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या मानाने 42 टक्क्यांनी घटली. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 मधील घट 57 टक्के होती. आपल्याकडे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या वतीने 187 रुग्णालयांतील माहिती एकत्र करण्यात आली. 15 मार्च ते 15 जून 2019 या काळात हृदयविकाराच्या झटक्याने 25,418 रुग्ण दाखल झाले होते; 2020 मध्ये त्याच काळात 16,414. नऊ हजार माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंत आलीच नाहीत.

आणि जी आली, ती उशिरा आली. इटलीत मार्च 2020 मधील एका आठवड्यात अशा रुग्णांची भरती निम्म्यावर आली. मात्र हृदयाची रक्तवाहिनी पूर्णतः बंद पडलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण आदल्या वर्षीच्या 4.1 टक्क्यांवरून 13.7 टक्क्यांवर गेले. विभाग रिकामा असताना प्रत्येक रुग्णाकडे अधिक लक्ष पुरविता आले असेल आणि उपचार सुधारले असतील, असा जो समज होऊ शकतो, त्याला या आकड्यांत आधार सापडत नाही.

त्या मे महिन्यात आमच्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक मला आठवतात. छातीतील कळ सुरू होऊन तिसरा दिवस उजाडला होता. पित्त असेल म्हणून त्यांनी सोडा घेतला, ओवा खाल्ला. शेवटी धाप लागली तेव्हा मुलाने कोणाची तरी जीप मिळवून त्यांना आणले. “गुरुजी, इतके दिवस का थांबलात?” असे मी विचारले. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एकदा तुमच्याकडे आलो की तपासणी होणार. हातावर शिक्का बसणार, घराला पत्रे लागणार. सुनेला दिवस गेलेले आहेत.” त्यांचे म्हणणे अडाण्याचे होते काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी आपल्या परीने हिशेब केला होता. त्या हिशेबात गेलेल्या वेळाची किंमत तेवढी धरलेली नव्हती, आणि ती आपण त्यांना कधी सांगितलीही नव्हती. 1897 च्या प्लेगमध्येही मुंबई-पुण्यातील कुटुंबे आपली आजारी माणसे दडवून ठेवीत होती. रोगाइतकीच धास्ती इस्पितळाची होती.

परंतु सारा दोष रुग्णाच्या भीतीवर ढकलणे बरे नव्हे. तो दारात पोचल्यावर आपणही वेळ घालविला. संरक्षक पोशाख चढविल्याशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. पुढील उपचार कोठे करावयाचे, हे कोविडच्या अहवालावर अडून राही. अनुभवी परिचारिका कोविड कक्षांकडे वळविल्या गेल्या होत्या. छातीत दुखणाऱ्याचा हृदयालेख दहा मिनिटांच्या आत निघावा, पक्षाघातातील गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत दिले जावे, हे आपण सारे जाणतो. ही घड्याळे साथीसाठी थांबत नाहीत.

पुढे 2021 च्या एप्रिलमध्ये चित्र पालटले. 18 एप्रिल रोजी एकट्या महाराष्ट्रात 68,631 नवे रुग्ण नोंदविले गेले. ओस पडलेल्या बाकांवर आता प्राणवायूच्या नळ्या लावलेली माणसे बसली होती, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला टेकावयास जागा नव्हती. दाराशी येणाऱ्यांची संख्या एका वर्षी निम्मी आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट. हृदयविकाराच्या रुग्णाची उपेक्षा मात्र दोन्ही वेळा झाली. म्हणून किती रुग्ण तपासले, या एका आकड्यावर विभागाची पारख करण्याची आपली जी रीत आहे, ती मला अपुरी वाटते.

माझी सूचना साधी आहे. अपघात विभागाच्या नोंदवहीत चार वेळा लिहिल्या जाव्यात: त्रास केव्हा सुरू झाला, रुग्ण दाराशी केव्हा आला, हृदयालेख केव्हा निघाला आणि पहिले औषध केव्हा दिले. यासाठी यंत्र लागत नाही, भिंतीवर चालू घड्याळ लागते. ताप-खोकल्याच्या रुग्णांसाठी वेगळे दार आजच ठरवून ठेवावे. साथ आल्यावर बांबू रोवीत बसू नये. आणि साथीच्या दिवसांत ग्रामपंचायतीने “घरीच थांबा” अशी दवंडी पिटली, तर “छातीत दुखले किंवा तोंड वाकडे झाले तर थांबू नका, 108 ला फोन करा” हे वाक्य त्याच दवंडीत असावे, असा आग्रह तुम्ही धरावा. 2020 मध्ये पहिले वाक्य गावोगाव पोचले होते. गुरुजींच्या गावातही पोचले होते.