तेलकट त्वचा आणि साबणाची मर्यादा

तेलकट त्वचा म्हणजे अस्वच्छ त्वचा हा समज रूढ असला तरी निराधार आहे; चेहऱ्यावरील चकाकी बाहेरून बसलेल्या मळाची नसून, रोमकूपांना, म्हणजे केस उगवतात त्या सूक्ष्म खळग्यांना, जोडलेल्या तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या ‘सीबम’ या स्निग्ध स्रावाची असते. या ग्रंथींची रीत विलक्षण आहे: त्यांतील पेशी तेल साठवीत फुगतात, अखेर फुटतात आणि स्वतःच स्राव होऊन जातात. तळहात व तळपाय वगळता त्या जवळजवळ सर्वांगावर असतात. चेहऱ्यावर व डोक्यावर मात्र एका चौरस सेंटिमीटरमध्ये 400 ते 900 इतकी त्यांची दाटी आढळते.

स्रावाचा वेग मुख्यतः अँड्रोजेन हा संप्रेरकांचा, म्हणजे रक्तातून संदेश नेणाऱ्या रसायनांचा, गट ठरवितो. हा गट स्त्रियांतही असतो, आणि म्हणूनच वयात येताना मुलगा असो वा मुलगी, चेहरा तेलकट होतो. साबण पृष्ठभागावरचे तेल नेतो, परंतु ग्रंथीपर्यंत त्याची मजल जात नाही, त्यामुळे धुतलेला चेहरा काही तासांत पुन्हा चकाकू लागतो. वारंवार धुण्याने ग्रंथी अधिक तेल सोडतात, असे हटकून सांगितले जाते, पण त्यालाही भक्कम आधार नाही. खरे नुकसान निराळेच आहे. त्वचेचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे परिमाण, साधारण 5 असतो, तर नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. या तफावतीमुळे अति धुण्याने संरक्षक थर विस्कटतो आणि चेहरा तेलकट असूनही ओढल्यासारखा होऊन चुरचुरू लागतो.

म्हणून सौम्य क्लेन्झरने दिवसातून दोनदा चेहरा धुणे पुरेसे असते. डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती वरचे तेल टिपते, त्यात वावगे काही नाही, फक्त घासू नये. लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे मात्र धोक्याचे, कारण त्याने फोड व काळे डाग उमटू शकतात. तेलात विरघळणारे सॅलिसिलिक आम्ल रोमकूपात शिरून तुंबलेली छिद्रे मोकळी करते. ग्रंथीच आक्रसून टाकणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध तीव्र मुरुमांसाठी दिले जाते, पण गर्भावस्थेत घेतल्यास बाळात गंभीर व्यंगे निर्माण होत असल्याने ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.