माळेगावची जत्रा आणि घरची येळवस

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची देवस्वारी निघते, आणि दुसऱ्याच दिवशी, अमावास्येला, आमच्या शिरूर अनंतपाळकडे येळवस असते. पंचांग करणाऱ्याला यात काही वावगे दिसले नसेल. पण आमच्या घरात या दोन तिथींनी कितीतरी वर्षे भांडण लावून दिले होते. ती हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. लातूरच्या बाहेरच्या श्रोत्यांना हा सण कदाचित ठाऊक नसेल. त्या दिवशी आमच्याकडे गावात चिटपाखरू राहत नाही. सारे शेतात. कडब्याची कोप करावयाची, तीत पांडव मांडून पुजावयाचे आणि मग भज्जी, उंडे, खीर असे जेवण, वर आंबील. घरात शेत नसले तरी कोणीतरी बोलावून नेतेच. अशा दिवशी घरचा कर्ता माणूस शेतात नाही, म्हणजे मांडवात नवरदेव नाही, अशातली गत. आणि आमचे अण्णा त्या दिवशी हमखास नसावयाचे. ते माळेगावला.

माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. आम्ही तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. लातूर जिल्हा झाला तो 1982 साली. आता मोटारीने दीड-दोन तासांत जाता येते, पण बैलगाडीला वाटेत तीन मुक्काम लागत. नळेगाव, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर. मला अण्णांनी पहिल्यांदा नेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिसऱ्या दिवशी गाडीवाले म्हणू लागले, "शिरूर आलं," आणि मी रडावयास लागलो. मला वाटले, रात्री झोपेत बैल माघारी वळले आणि आपण घरीच परत आलो!

माळेगावचा माळ पहिल्याने पाहिला तो संध्याकाळी. जिकडे पाहावे तिकडे सोडलेल्या गाड्या, पाले, राहुट्या आणि चुलींचा धूर. घोड्यांचा बाजार एका अंगाला, गाढवांचा दुसऱ्या, उंट वेगळे. कंधार-लोह्याकडचे तांबडे लालकंधारी बैल दावणीला, त्यांच्या शेजारी आमच्याकडचे पांढऱ्यावर काळे असे देवणी. दोन्हीकडचे मालक आपापल्या जनावरांची तारीफ करताना एकमेकांकडे मुद्दाम पाहत नसत. भटक्या जमातींची माणसे लांबलांबून येत. त्यांच्या सोयरिकी तिथे जुळत. रात्री तमाशाच्या कनातीतून ढोलकी, आणि मधूनच कुठेतरी येळकोट येळकोट. थंडी अशी की घोंगडीत बैलाची ऊब शोधावी.

आमचा तळ मात्र दरसाल एकाच वावरात, एकाच बाभळीखाली. वावराचा धनी अण्णांचा ना सोयरा, ना भाऊबंद. जागेचे भाडे तो घेत नसे, आणि अण्णांनाही त्याचे ओझे वाटत नसे. मला हे कोडे पुष्कळ वर्षांनी सुटले. सहा-सात गाड्यांचे बैल पाच दिवस त्या रिकाम्या वावरात बांधलेले. त्यांचे शेण, मूत, खाली पडलेला कडब्याचा चुरा, सारे तिथेच राहावयाचे. धनगराला पैसे देऊन शेतात मेंढरे बसवतात, ती कशासाठी? खतासाठीच ना? अण्णा भाडे देतच होते. फक्त ते मोजून देत नव्हते.

मग 1972 चा दुष्काळ आला. आमच्याकडे बैलांना टाकावयास काडी उरली नाही. अण्णा जोडी घेऊन माळेगावला गेले ते विकण्यासाठीच. येईल त्या भावाला जोडी दिली. पण बैलच नाहीत तर गाडी आणावी कशी? ती तिथेच बाभळीखाली ठेवून अण्णा एसटीने घरी आले. आई म्हणाली, "गाडी बी गेली म्हणायची." पुढच्या जत्रेला अण्णा कंबरेला पैसे बांधून एसटीने गेले, बाजारात नवी जोडी घेतली आणि त्या वावरात गेले. गाडी जागेवर होती. पावसात भिजू नये म्हणून धन्याने तिच्यावर पाचट घातले होते. त्याच गाडीला नवे बैल जुंपून अण्णा घरी आले. त्यानंतर माळेगावला नावे ठेवण्याचे आईने सोडून दिले. येळवशीचा राग मात्र सोडला नाही. दर वर्षी ती उंडे राखून ठेवावयाची, आणि परत आलेले अण्णा येळवस चुकलेल्या माणसाच्या चेहऱ्याने ते खावयाचे.

अण्णांना माळेगावचे वर्षातले पाच दिवसच ठाऊक होते. मी एकदा कामानिमित्त वैशाखात तिकडून गेलो. माळ भकास, वावर नांगरलेले. बाभळीवरून जागा ओळखली. धन्याचा नातू ढेकळांतून काचा वेचत होता. म्हणाला, "जत्रा उठली की आमचं हेच. औताच्या बैलाच्या खुरात जातं ना." त्या वर्षी मीही मोटारीनेच जत्रेला येऊन गेलो होतो, आणि मोटार शेण टाकत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या किती आमच्या होत्या, ते मला सांगता येणार नाही. तो नातू आता वावरात मोटारी उभ्या करण्याचे पैसे घेतो. आमच्याकडून घेत नाही, आणि तेच मला जड जाते. आता मी जाताना दोन रिकामी पोती बरोबर नेतो आणि निघताना भरून आणतो. पण पोत्याने वावर पिकत नाही.

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी आई म्हणाली, "एकदा बघू तरी द्या ते गाव." येळवस टाकून बायकांनी जत्रेला जावयाचे, ही आमच्याकडे रीत नव्हती. म्हणून ठरविले, चतुर्दशीला जावयाचे आणि रात्रीच परतावयाचे. गर्दीत मोटार अडकली आणि मुक्काम पडला. अमावास्येची सकाळ उजाडली ती त्या बाभळीखाली. आईचे तोंड उतरलेले. जन्मात पहिल्यांदा तिची येळवस चुकली होती.

दुपारी धन्याची म्हातारी बायको आली आणि हाताला धरून आईला वावराच्या टोकाला घेऊन गेली. तिथे कडब्याची कोप. पांडव मांडलेले. भज्जी, उंडे, आंबील. म्हातारीने ताट वाढले आणि म्हणाली, "बसा माय. तुमचे मालक दर येळवशीला हितंच बसायचे."

आईने ताटाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"तू बी आलतास की रे, लहान होतास तवा."

मी आंबील प्यालो आणि काही बोललो नाही.