तैलरंगांतील बैठक



बडोद्यात तैलचित्रांचा विषय निघाला की प्रथम राजा रविवर्म्यांचे स्मरण होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी पुराणप्रसंग चितारले. म्हैसूर येथील त्यांच्या १८८९ च्या चित्रात निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया वाद्यांसह एकत्र बसल्या आहेत. रेशीम आणि सोने त्यात हुबेहूब झळकते. परंतु त्या स्त्रिया एकमेकींसाठी नव्हे, पाहणाऱ्यासाठी बसल्याचा भास होतो.

ही झळाळी माध्यमाची देणगी होय. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते. रंग बराच काळ ओला राहिल्याने छाया प्रकाशात विरघळविता येते. वाळल्यावर पातळ, पारदर्शक थर देऊन खालचा रंग आतून उजळविता येतो. दरबारी वैभवाचे हे माध्यम सामान्य माणसांच्या सहवासाला मानवेल काय?

त्याचे उत्तर बडोद्यातच मिळाले. १९३४ साली मुंबईत जन्मलेले भूपेन खख्खर १९६२ मध्ये येथे आले. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून ते चित्रे काढीत. १९७२ च्या सुमारास त्यांनी घड्याळजी, शिंपी, न्हावी यांना तैलरंगांत मानाचे स्थान दिले. ठाण्याचे क्ष-किरणतज्ज्ञ सुधीर पटवर्धन यांनी १९७७ साली इराण्याचे उपाहारगृह रंगविले. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात हे दोघेही होते. अनोळखी माणसेही जेथे एका मेजाशी बसतात, ती जागा आता चित्रविषय ठरली.

तथापि सहवास रंगविणे म्हणजे केवळ माणसे जमविणे नव्हे. काठावर कोण उभा आहे, हेही दाखवावे लागते. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात सज्जात एक नग्न पुरुष उभा आहे आणि खाली बाप, लेक व गाढव यांची परिचित गोष्ट घडते आहे. पुरुषावरील पुरुषाचे प्रेम पुढे खख्खरांनी उघडपणे चितारले. ते २००३ साली निवर्तले; अशा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले ते २०१८ मध्ये. कायद्याने नाकारलेल्या माणसाला कॅनव्हासने तोवर वस्तीत जागा दिली होती.

रविवर्म्यांच्या रंगांनी दागिन्याला तेज दिले. खख्खरांनी त्याच रंगांनी शेजाऱ्याला ओळख दिली. बैठकीची शोभा मध्यभागी बसलेल्यांनी वाढते हे खरे. तिचा मोठेपणा मात्र दाराशी घुटमळणाऱ्याला ‘या, बसा’ म्हणण्यात असतो. ग्रंथालयाच्या वाचनकक्षालाही हीच कसोटी लागू आहे.