अहवाल निर्दोष, वेदना कायम

(ट्रस्टच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि विभागवार कामकाजाचा आढावा आपल्या हाती असलेल्या पुस्तिकेत दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आज एका केसपेपरविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. संबंधित भगिनींनी त्यास संमती दिली आहे. त्यांचे नाव मात्र आम्ही सांगणार नाही.

या भगिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. वय चाळिशीच्या आसपास. फळ्यावर लिहिण्यासाठी उजवा हात वर केला की काही क्षणांत तो जड होई, करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत आणि खडू निसटून पडे. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, बसमध्ये वरची दांडी धरतानाही हेच. हात खाली घेतला की थोड्या वेळाने बरे वाटे. दीड वर्ष निरनिराळे दवाखाने करून अखेर त्या आपल्या रुग्णालयात आल्या. येथे मानेचा एक्स-रे झाला, एमआरआय झाला, हाताच्या नसांची तपासणी झाली, रक्त तपासले गेले. सर्व अहवाल निर्दोष आले. आपल्याच बाह्यरुग्ण विभागात त्यांच्या कागदावर 'विशेष काही नाही' असा शेरा पडला आणि त्याखाली 'मानसिक ताण' असे प्रश्नचिन्हासह लिहिले गेले.

या शेऱ्याने पुढे काय केले, ते आम्हांस नंतर कळले. घरातील वडीलधाऱ्यांना वाटले, सूनबाईंना कामाचा कंटाळा आला आहे. शाळेत त्यांच्या रजेच्या अर्जाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्यांना स्वतःलाही आपल्या हाताविषयी शंका येऊ लागली. महिनाभराने पती-पत्नी दोघेही बिलांची चवड घेऊन आमच्या कार्यालयात आले. पतींनी शांतपणे विचारले, "साहेब, सगळं चांगलं आहे म्हणता, मग एवढे पैसे कशाचे झाले? आणि हिचा हात का चालत नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वह्यांत होते. दुसऱ्याचे नव्हते. आम्ही त्यांना पुन्हा एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांकडे पाठविले आणि तपासणीला लागेल तेवढा वेळ द्यावा, अशी विनंती केली.

डॉक्टरांनी चाळीस मिनिटे दिली. दुखणे केव्हा येते, हात कोणत्या स्थितीत असतो, झोपताना काय होते, हे विचारले. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, मानेच्या बाजूला बोटाने दाबून पाहिले. तेव्हा कळ थेट करंगळीपर्यंत गेली. मग दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर धरून, कोपरे वाकवून, तीन मिनिटे मुठी उघडझाप करण्यास सांगितले. एक मिनिट पुरे होण्यापूर्वीच उजवा हात खाली आला. या आजाराचे नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम असावे, असे त्यांनी सांगितले.

आम्ही डॉक्टर नव्हे. त्यांनी आम्हांस जसे समजाविले तसे सांगतो. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे आणि मुख्य रक्तवाहिन्या गळ्याचे आडवे हाड व पहिली बरगडी यांमधील चिंचोळ्या वाटेने जातात. शेजारी मानेचे स्नायू असतात. ही वाट कोणत्याही कारणाने अरुंद झाली, विशेषतः हात वर करताना, की नसा अथवा रक्तवाहिन्या दाबल्या जातात. शंभरांतील नव्वदहून अधिक रुग्णांत नसा दाबल्या जातात. शिरा दाबली जाणे विरळा आणि धमनी दाबली जाणे त्याहून विरळा. १९५६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या आजारास हे नाव दिले. मानेतील जादा बरगडी काढण्याची शस्त्रक्रिया मात्र लंडनमध्ये १८६१ सालीच झाली होती. इतकी वर्षे लोटूनही नसांच्या प्रकाराच्या निदानाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मग तपासण्यांत काही का दिसले नाही? एमआरआय बहुधा रुग्ण निजलेला आणि हात अंगासरशी असताना काढतात; ज्या स्थितीत दाब पडतो ती स्थिती चित्रात येतच नाही. नसांच्या तपासणीत दोष दिसण्यासाठी नसेची बरीच हानी झालेली असावी लागते. अधूनमधून दबणारी नस तेथे निर्दोष दिसू शकते. तथापि त्या तपासण्या वाया गेल्या, असे नाही. मानेतील चकती सरकणे, मनगटात किंवा कोपरात नस दबणे, फुप्फुसाच्या टोकाशी गाठ असणे, यांमुळेही अशीच लक्षणे उद्भवतात. ही कारणे आधी दूर सारावी लागतात, आणि त्या बिलांतील पैसे त्यासाठीच खर्च झाले होते. अहवालाने 'हे आजार आढळले नाहीत' एवढेच सांगितले होते. 'काहीच नाही' हे शब्द आपण आपल्या पदरचे घातले.

हिशेबाच्या क्षेत्रातील मंडळींना हे परके वाटू नये. तेरीज जुळली म्हणजे वह्या बिनचूक, असे कोणताही लेखापरीक्षक मानीत नाही. जो व्यवहार मुळात नोंदविलाच गेला नाही, तो तेरजेत कसा दिसणार? ती जुळली असली तरी गल्ल्यात रक्कम कमी भरली, तर आपण मूळ पावत्या पुन्हा काढून बसतो. रोखपालास 'तुम्हांला भास होतो' असे सांगत नाही. रुग्णाच्या बाबतीत मात्र आपण तसे केले. ही चूक आमची होती, आणि त्या दांपत्याची आम्ही क्षमा मागितली आहे.

याची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. हात दुखणाऱ्या प्रत्येकास हाच आजार असतो, असे नव्हे. मानेतील जादा बरगडी सुमारे शंभरांत एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना असते आणि त्यांतील बहुतेकांना ती आयुष्यभर त्रास देत नाही. हात वर करून नाडी मंदावते का, ही जुनी चाचणी अनेक निरोगी माणसांतही तसाच निष्कर्ष देते. म्हणून एका चाचणीवर निदान ठरत नाही आणि घाईने शस्त्रक्रियाही करू नये. सविस्तर हकीकत, हाताने केलेली तपासणी, गरज पडल्यास मानेच्या स्नायूत बधीर करणारे इंजेक्शन देऊन आराम पडतो का हे पाहणे, आणि काही महिन्यांच्या व्यायामोपचाराचा परिणाम, हे सारे जुळवून निर्णय घ्यावा लागतो.

आपल्या शिक्षिका भगिनींनी सहा महिने व्यायामोपचार घेतले. खांद्याची ठेवण, श्वासोच्छ्वास, मानेच्या स्नायूंचे ताण यांवर आपल्या फिजिओथेरपी विभागाने काम केले. शाळेने त्यांच्या वर्गातील फळा खाली घेतला. त्या पूर्ण बऱ्या झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. ढगाळ मनाने सुरू होणारे दिवस अजूनही येतात. परंतु त्या पुन्हा पूर्ण वेळ शिकवीत आहेत, आणि घरी त्यांच्या दुखण्यास नाव मिळाले आहे.

या प्रकरणानंतर आम्ही तीन बदल केले. अहवाल निर्दोष आल्यास कागदावर 'काही नाही' असे न लिहिता काय आढळले नाही ते स्पष्ट लिहावयाचे आणि तक्रार राहिल्यास पुन्हा येण्याची तारीख द्यावयाची. आठवड्यातील एक दुपार अनिर्णित रुग्णांसाठी राखून ठेवावयाची. आणि बाहेर झालेली तपासणी उपयोगी असेल तर ती पुन्हा करावयास लावावयाची नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक विनंती. दुखणे केव्हा, काय करताना येते, याची साध्या वहीत नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांस दाखवा. हात अचानक सुजून निळसर झाला, किंवा बोटे थंड व पांढरी पडली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तेथे रक्ताची गुठळी असू शकते.

शेवटी देणगीदारांशी दोन शब्द. धर्मादाय योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी आपण राखून ठेवतो. या भगिनींना मात्र खाट नकोच होती; त्यांना डॉक्टरांची चाळीस मिनिटे हवी होती. आपल्या देणगीतून यंत्र आले की त्यावर आपले नाव लावून आम्ही कृतज्ञता व्यक्त करू शकतो. डॉक्टरांच्या वेळेवर नाव लावण्याची सोय नाही. तरीही राखीव दुपारच्या त्या तासांसाठी या वर्षी आपण साहाय्य करावे, अशी नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.