वादळ गेल्यानंतरचे दिवस

(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



डिसेंबर लागला की इथल्या कितीतरी घरांत एक डोळा अमेरिकेच्या हवामानावर असतो. कुणाची लेक डेन्व्हरला, कुणाचा नातू शिकागोला. नाताळच्या सुट्टीत ती मंडळी प्रवासाला निघतात, काही जण आपल्याकडे यायला निघतात, आणि नेमकं त्याच वेळी तिकडे हिमवादळ येतं. फोन येतो, ‘फ्लाइट कॅन्सल झाली.’ मग दोन्ही घरांत जेवण गोड लागत नाही.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. हिमवादळात विमान थांबतं ते योग्यच असतं. पण वादळ निघून गेल्यावरही माणसं चार-चार दिवस विमानतळावर पडून राहतात, तेव्हा त्याचं खापर हवामानावर फोडणं चूक आहे. तो कारभाराचा दोष आहे आणि तो टाळता येतो.

आधी थांबण्याबद्दल. पंखाच्या वरच्या बाजूला सँडपेपरइतका खरखरीत बर्फाचा पातळ थर जरी बसला, तरी विमानाला वर उचलणारं बळ तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतं. म्हणून उड्डाणापूर्वी विमान धुतात. पिंजऱ्यासारख्या उंच पाळण्यात उभा असलेला कर्मचारी नळीतून नारिंगी रंगाचं गरम रसायन पंखांवर सोडतो. वाफेचे लोट उठतात, बर्फ वितळून घरंगळतो. बर्फ पडतच असेल, तर त्यावर हिरव्या रंगाच्या दाट रसायनाचा दुसरा थर देतात. हा थर पंखाला चिकटून राहतो आणि पडणारा बर्फ काही वेळ थोपवून धरतो. हा वेळ म्हणजे ‘होल्डओव्हर टाइम’. बर्फ जोरात असेल तर तो काही मिनिटांतच संपतो. तेवढ्यात उड्डाणाचा नंबर लागला नाही, तर विमान पुन्हा धुवायच्या रांगेत! आत बसलेल्या माणसाला वाटतं, आता कशाला थांबलेत?

हे नियम माणसं गमावून शिकलेले आहेत. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेलं एअर फ्लोरिडाचं विमान बर्फ अंगावर घेऊनच उडालं आणि पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले. दहा वर्षांनी, २२ मार्च १९९२ रोजी, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर एक विमान दोनदा धुतलं गेलं, पण नंतर सुमारे ३५ मिनिटं रांगेत उभं राहिलं. तेवढ्यात पंखांवर पुन्हा बर्फ धरला. २७ जणांचा जीव गेला. होल्डओव्हर टाइमचे कडक नियम आले ते त्यानंतर. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमामागेही असाच अपघात आहे. २००९ मध्ये बफेलो शहराजवळ विमान कोसळून ५० जण गेले, तेव्हा वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि २०१४ पासून कामावर रुजू होण्यापूर्वी सलग दहा तासांची विश्रांती सक्तीची झाली. म्हणून ‘क्रूची ड्यूटी संपली’ असं कुणी सांगितलं, तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. तो नियम तुमच्याच जिवासाठी आहे.

आता कारभाराकडे येऊ. डिसेंबर २०२२. उत्तर ध्रुवाकडची थंड हवा अमेरिकेवर उतरली. डेन्व्हरमध्ये पारा तासाभरात सुमारे ५ अंश सेल्सिअसवरून उणे १५ वर गेला. बफेलो आणि आसपासच्या भागात चाळीसहून जास्त माणसं दगावली. इतकं भीषण वादळ, सगळ्याच विमान कंपन्या कोलमडल्या. पण नाताळ उलटला तशा बाकीच्या सावरल्या, आणि एक सावरेना. साउथवेस्ट. वादळ पुढे सरकल्यावरही तिची निम्म्याहून जास्त उड्डाणं रोज रद्द होत होती. महिनाअखेरपर्यंत आकडा १६,९०० वर गेला आणि वीस लाखांहून जास्त प्रवासी अडकले. सामानपट्ट्यांशेजारी बेवारस बॅगांच्या रांगाच्या रांगा लागल्या. कुणाची औषधं त्या बॅगांत होती, कुणाची नातवंडांसाठी घेतलेली खेळणी.

असं का झालं? बर्फ तर सगळ्यांवर सारखाच पडला होता. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची विमानं एखाद्या मुख्य तळावरून निघतात आणि तिथेच परततात. साउथवेस्टची विमानं गावोगाव फिरत पुढे जातात, आणि कर्मचारीही तसेच. एरवी ही पद्धत स्वस्त आणि वेगवान. पण डेन्व्हर आणि शिकागो, म्हणजे जिथे तिचे कर्मचारी मोठ्या संख्येने असतात तीच ठिकाणं, गारठली आणि साखळी तुटली. आपल्याकडे एसटी स्वारगेटला, ड्रायव्हर साताऱ्यात आणि कंडक्टर कोल्हापुरात अशी गत. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! विमानं होती, वैमानिकही होते. पण कोणता वैमानिक आत्ता कुठे आहे, हेच कंपनीला कळेना. ते कळवायला कर्मचाऱ्यांनी फोन करायचा, आणि फोनवर तासन्‌तास ताटकळायचं. त्यांतले कित्येक स्वतःच विमानतळावर झोपले. कामाची जुळणी करणारी संगणकप्रणाली थोडे बदल सांभाळू शकत होती. हजारो बदल एकदम आले, तेव्हा तिचं उत्तर तयार होईपर्यंत परिस्थिती बदललेली असायची. शेवटी माणसांनी हातानं याद्या जुळवायला घेतल्या. कंपनीने काही दिवस फक्त एक तृतीयांश उड्डाणं ठेवली, सगळी घडी नव्याने बसवली, आणि ३० डिसेंबरला गाडी रुळावर आली.

मला यातली सर्वांत टोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. वैमानिकांची संघटना ही यंत्रणा जुनी झाल्याचं वर्षानुवर्षं सांगत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे संघटनेच्या अध्यक्षांनी ते सांगितलंही. रोज ते काम करणाऱ्याला भिंत कुठे ओली आहे ते आधी कळतं. त्याचं ऐकलं गेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीला १४ कोटी डॉलरचा विक्रमी दंड केला. त्यातले साडेतीन कोटी सरकारी तिजोरीत भरायचे ठरले होते, बाकीचा मोठा भाग पुढच्या प्रवाशांच्या भरपाईसाठी.

बरं, ही काही पहिली वेळ नव्हती. १४ फेब्रुवारी २००७ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जेटब्लू कंपनीने, वादळ जरा उसंत देईल या आशेवर, प्रवाशांना विमानांत बसवून ठेवलं. उसंत मिळाली नाही. चाकं गोठली आणि लोक तासन्‌तास विमानातच अडकून पडले. इतर कंपन्यांनी सकाळीच उड्डाणं रद्द केली होती. त्यांचे प्रवासी चिडले खरे, पण घरी चिडले! वेळेवर नकार देणं ही प्रवाशाची सेवा आहे, हे मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत २०१० पासून देशांतर्गत विमानात तीन तासांहून जास्त कोंडून ठेवायला बंदी आली, तिची मुळं अशाच घटनांत आहेत.

आपल्याकडे हिमवादळ नसलं तरी दिल्लीचं धुकं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईला वळवावं लागलं आणि प्रवासी धावपट्टीलगत जमिनीवर बसून जेवताना देशाने पाहिले. त्याच सुमारास डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, कंपन्यांना सांगितलं, की धुक्यामुळे तीन तासांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर उड्डाण आधीच रद्द करता येईल, आणि उशिराची खरी माहिती वेळेवर द्या. मला हे पाऊल मोलाचं वाटतं. त्याची अंमलबजावणी मात्र दर हिवाळ्यात तपासली पाहिजे.

आता ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. अमेरिकेत कंपनीनेच उड्डाण रद्द केलं आणि तुम्ही दुसरं विमान घ्यायचं नाकारलं, तर पैसे परत मिळतात, कारण हवामान असलं तरी. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरीही. व्हाउचर देऊन तोंडाला पानं पुसायचा प्रयत्न होईल. तो नाकारता येतो. मात्र वादळात हॉटेल आणि जेवण द्यायला तिथल्या कंपन्या कायद्याने बांधलेल्या नाहीत. युरोपात उलट आहे. फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमहून सुटणारं विमान रद्द झालं, तर वादळात रोख भरपाई मिळणार नाही, पण जेवण आणि रात्रीचा निवारा द्यावाच लागतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. ब्रिटनमध्येही तोच नियम चालू आहे. काउंटरवर ‘आमच्या हातात नाही’ असं म्हणून हात वर केले, तर नम्रपणे पण ठामपणे मागा.

आणि मुंबईहून अमेरिकेपर्यंतचं तिकीट एका कंपनीचं आणि तिथून पुढचं स्वतंत्र, असं चार पैसे वाचवायला काढू नका. निदान जानेवारीत तरी. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. सकाळचं पहिलं विमान धरा, कारण दिवसभराचा उशीर संध्याकाळच्या विमानांवर साचतो. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, निदान पाच दिवस पुरतील एवढ्या गोळ्या घेऊन.