जांघेतील धडधडणारी गाठ



हृदयाच्या तपासणीसाठी किकवी पंचक्रोशीतील माणसे पुण्याला जातात आणि एक-दोन दिवसांत घरी परततात. खरी काळजी घ्यायची ती त्यानंतर.

या तपासणीत जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून अशी नळी हृदयात नेली. १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नळी काढल्यावर धमनीचे छिद्र दाबून धरले की बहुधा बुजते. क्वचित ते उघडे राहते. मग रक्त भोवतालच्या मांसात साचून पिशवी तयार होते. तिचे तोंड धमनीत असल्याने ती नाडीबरोबर धडधडते. जांघेत हा धोका मनगटापेक्षा अधिक. आपल्याकडे हिला अवधाण समजून शेकतात, चोळतात, लेप लावतात. कित्येक जण, विशेषतः स्त्रिया, लाजेने सांगतच नाहीत. गाठ फुटली तर जीव धोक्यात येतो.

पूर्वी यावर चिरफाड हाच मुख्य उपाय होता. १९९१ मध्ये सोनोग्राफीत पाहून बाहेरून दाबण्याची रीत पुढे आली. ती वेळखाऊ व दुखरी होती. त्याच दशकाच्या अखेरीस थ्रॉम्बिनचे इंजेक्शन रूढ होऊ लागले. सोनोग्राफीत पाहत सुई पिशवीत घालतात. औषध जाताच तेथील रक्त बहुधा काही क्षणांत गोठते. रक्त गोठवणारे हे द्रव्य आपल्या शरीरातही तयार होते. लहान गाठ नुसत्या देखरेखीखाली आपोआपही बुजते. काही ठिकाणी आतून आच्छादित स्टेंट बसवतात. मात्र गाठ झपाट्याने वाढली किंवा तिच्यात पू झाला, तर शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून उशीर नको.

गाठ, वाढती वेदना किंवा पाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त वाहू लागल्यास रुग्णाला आडवे करा, जागा घट्ट दाबून धरा व १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट तुंबू शकतो. डॉक्टरांनी वाकू नका म्हटले असेल, तर नमाज बसून वा इशाऱ्याने पढण्याची मुभा शरीयतने रुग्णाला दिलेलीच आहे. स्त्रियांनी तपासणीसाठी स्त्री डॉक्टर वा नर्स मागावी. त्यात संकोच कसला?

विद्यार्थी मित्रहो, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि घरी ते पेटीत पडून राहते. ते काढा, दादा-दादींना मराठीत समजावून सांगा. आपल्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला उपयोग ठरेल.