पऱ्हे वेळेवर रोवू या

मी साकोली तालुक्यातल्या एकोडीहून बोलते आहे. रोवणीच्या धामधुमीतही तुम्ही रेडिओ लावून बसलात, बरं वाटलं.

मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई म्हणाली, "पोरीचं बी.ए. झालं. आता स्थळं पाहतो." तिच्या परवानगीनंच सांगते. पोरीचा विषय समाजशास्त्र. धाकट्या भावाला सिकलसेल. त्याला थंडी-ताप सोसत नाही, पाणी भरपूर पाजावं लागतं, दुखणं वाढलं की दवाखाना गाठायचा, हे तिला तोंडपाठ. मी म्हटलं, "ताई, ही सार्वजनिक आरोग्य शिकू शकते." ताई म्हणाली, "ते तर डॉक्टरचं काम ना?"

डॉक्टर समोरच्या रोग्याला तपासतात. सार्वजनिक आरोग्यात अख्खं गाव तपासायचं असतं. आईबाप दोघंही सिकलसेलचे वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक. म्हणून लग्नाआधी तपासणी हवी. सरकारनं २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. पण लोक तपासणी का टाळतात, रिपोर्ट का लपवतात, हे घरात बसून ऐकणारं माणूस लागतं. ते आपल्या पोरींना जमतं.

यासाठी एम.पी.एच. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नमुना अभ्यासक्रमात समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य शिकलेल्यांनाही प्रवेशाची वाट ठेवली आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हे शिक्षण मिळतं. प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या असतात, त्या अर्जाआधी वाचून घ्याव्या.

पदवी आणि पुढचं शिक्षण जोडायचं कसं? आपल्या विदर्भातच पाहा. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात शिबिराला राहतात, काही कुटुंबं वाटून घेतात आणि पुढंही त्यांच्याकडे जात राहतात. म्हणजे गाव आधी, मोठी पदवी नंतर.

बी.ए.च्या मुलींनाही हे करता येईल. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला क्षेत्र प्रकल्प आला आहे. तो नुसता वहीत उतरवू नका. आशाताईंसोबत फिरा, अंगणवाडीतल्या बाळांची वजनं पाहा, कोणत्या वस्तीत पाणी उकळून पीत नाहीत ते लिहा. पुढं प्रवेशाच्या मुलाखतीत सांगायला तेच कामी येईल.

माझं बी.ए. झालं, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. मला बचत गटाचं काम मिळालं, त्यात मी रमले. पण धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांत रोवले नाहीत, तर बांधी कितीही चांगली असो, फुटवे कमीच येतात. पोरींच्या शिक्षणाचंही तसंच आहे.

त्या दिवशी बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. प्रवेश परीक्षेच्या अर्जाचे पैसे गटाच्या बचतीतून कर्ज म्हणून द्यायचे. आणि भाऊ रुग्ण आहे, म्हणजे पोरगी वाहक असू शकते, म्हणून तिची सिकलसेल तपासणी आधी करायची. ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "स्थळं थांबतील."

तुमच्या गटात कोणाची पोर बी.ए. होऊन घरी बसली आहे? पुढच्या बैठकीत तिलाही बोलवा.